मोटारीचें तेल कोणीं पाहावें?

एकत्र कुटुंबांतील मोटार सर्वांच्या उपयोगाची असते, आणि बहुधा त्यामुळेंच तिची देखभाल कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. थोरले बंधु ती कचेरीस नेतात, सूनबाई मुलांस शाळेंत पोंचवितात, धाकटी मंडळी रविवारीं गांवाबाहेर काढतात. पेट्रोल ज्याच्या हातीं संपेल तो भरतो; परंतु इंजिनांतील तेल शेवटचें कोणीं पाहिलें, असें विचारतांच सर्वजण एकमेकांकडे पाहूं लागतात. ‘बारभाईची शेती, काय लागेल हातीं’ ही म्हण केवळ शेतीपुरती नाहीं. पेट्रोल संपलें तर गाडी रस्त्यांत थांबते, एवढेंच. तेल संपलें तर इंजिन जाम होतें, आणि तें पूर्ववत् करण्यांत वर्षाची शिल्लक खर्चीं पडते. म्हणून तेल व त्याचा फिल्टर घरच्या घरीं बदलण्याचा विषय आम्ही या वेळीं घेत आहों.

बैलगाडीच्या आंसाला वंगण घालतात तें घर्षण कमी व्हावें म्हणून. इंजिनांतील तेल तें काम करितेंच; शिवाय आंतील उष्णता वाहून नेतें, गंज आवरतें, आणि काजळी व धातूचा कीस आपल्यांत सामावून घेतें. हा मळ अडविण्याचें काम फिल्टरचें. त्यांत घड्या घातलेला कागद असतो. फिल्टर चोंदला म्हणजे एक झडप उघडते व न गाळलेलें तेल इंजिनांत जाऊं लागतें. ही योजना बुद्धिपुरस्सर आहे. कारण मळकट तेलापेक्षां तेल मुळींच न पोंचणें अधिक घातक. तथापि नवें तेल जुन्या फिल्टरांतून फिरविणें म्हणजे ताजा चहा कालच्या न धुतलेल्या गाळणींतून गाळणें होय. दोन्ही एकदमच बदलावीं.

तेल काळें दिसलें म्हणजे तें खराब झालें, हा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाहीं. चांगलें तेल काजळी तळाशीं बसूं देत नाहीं, म्हणूनच तें काळें होतें. डिझेल गाडींत तर थोड्याच दिवसांत. खरा हिशेब अंतराचा व कालाचा. आपल्याकडील पुष्कळ पेट्रोल गाड्यांस १०,००० किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं होईल तें, अशी मुदत असते. आपल्या गाडीची मुदत, तेलाची जात व माप हीं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावीं. जी गाडी रोज शाळा व बाजार एवढीच फिरते, तिचें इंजिन पुरतें तापत नाहीं, आणि पाण्याचा व पेट्रोलचा अंश तेलांत राहून जातो. म्हणून अंतर भरलें नाहीं तरी वर्षअखेर तेल बदलावें. डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे आंकडे असतात. पहिला आंकडा थंडींत तेल किती सहज वाहतें हें दर्शवितो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. पुस्तिकेंत असेल तेंच घ्यावें. दुकानदार म्हणतो म्हणून अधिक दाट तेल घेऊं नये.

आतां कृति. गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन पांच मिनिटें चालवावें, म्हणजे तेल पातळ होतें. मग बंद करून चटका बसणार नाहीं इतकें निवूं द्यावें. हातब्रेक ओढून चाकांस दगड लावावे. चेंबरखालीं घमेलें ठेवून तळाचा बोल्ट पान्यानें सोडवावा. जुना फिल्टर काढतांना त्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें अवश्य पाहावें. तिच्यावर दुसरी बसली तर तेल गळून जातें. नव्या कडीस नव्या तेलाचें बोट लावून फिल्टर हातानेंच आवळावा. बोल्टास नवा वॉशर घालावा, पण आवळतांना जोर दाखवूं नये; आटे गेले तर लहान काम मोठें होतें. नरसाळ्यानें तेल मापापेक्षां किंचित् कमी ओतावें. इंजिन थोडें चालवून, तेलाचा दिवा विझला व कोठें गळत नाहीं अशी खात्री करून तें बंद करावें, आणि कांहीं मिनिटांनीं पट्टी पुसून बुडवावी. पातळी दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेजवळ असावी. तिच्यावर मात्र जाऊं देऊं नये. जास्त झालेलें तेल घुसळून फेंसाळतें व वंगणास निरुपयोगी होतें.

येथवर सर्व सोपें आहे. दोन अटी मात्र आम्ही निक्षून सांगतों. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, शिरूं नये. जॅक गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नव्हे; त्यास भक्कम स्टँडची जोड हवीच. विटांची चळत म्हणजे स्टँड नव्हे.

दुसरी अट जुन्या तेलाची. तें मोरींत ओतणें, अंगणांतील धूळ बसविण्यास शिंपडणें, वाळवी लागूं नये म्हणून खांबांस फांसणें, या गोष्टी सुशिक्षित घरांतूनही घडतात. त्या तेलांत धातूचे व जळक्या द्रव्यांचे अंश असतात. तें त्वचेसही अपायकारक, म्हणून हातमोजे घालावे. मोरींतून तें नदीस व अंगणांतून विहिरीस मिळतें. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांन्वयें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें, आणि १ एप्रिल २०२४ पासून तें पुन्हां शुद्ध करविण्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्यांवरही आली आहे. तेल शुद्ध होऊन पुन्हां वंगण म्हणून वापरतां येतें. मात्र त्यांत पाणी वा रॉकेल मिसळूं नये. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांतच तें भरून, बूच घट्ट लावून, जुन्या तेलाचा रीतसर निकाल लावणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

या दोन अटी जेथें पाळतां येत नाहींत, किंवा ज्या गाडीची हमी अजून चालू आहे व तिच्या अटी तशा आहेत, तेथें हें काम बेलाशक गॅरेजाकडे सोंपवावें. त्यांत कमीपणा नाहीं. तेल बदलण्यानें वांचणारे पैसेही फार नसतात. परंतु महिन्यांतून एकदां पट्टी बुडवून पातळी पाहणें आणि तारीख व किलोमीटर वहींत टिपणें, हें घरींच झालें पाहिजे. हें काम घरांतील एका व्यक्तीच्या नांवें लावून द्यावें. ती व्यक्ति कन्या असो, सून असो वा चिरंजीव. आणि ती वही देवघराजवळ असो कीं दूरध्वनीशेजारीं, सर्वांस दिसेल अशी असावी.