हत्ती दिला, घोडा घेतला

गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर एका सतरा वर्षांच्या पोरानं मला बुद्धिबळात हरवलं. परगावचा मुलगा, 'नीट'च्या तयारीसाठी लातुरात होस्टेलवर राहतो.

मी पांढरी घेऊन राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. त्यानं सिसिलियन बचाव मांडला, त्यातही ड्रॅगन. काळ्या प्याद्यांची रांग ड्रॅको तारकासमूहासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं म्हणतात. नाव बचावाचं, पण जात आक्रमकाची. दोघांचे किल्लेकोट विरुद्ध बाजूंना. मी त्याच्या राजावर एच पट्टीतलं प्यादं सोडलं, तो सी पट्टीतून माझ्यावर आला. आणि पठ्ठ्यानं सी-३ वरच्या माझ्या घोड्यावर चक्क हत्ती दिला! पाचाची वस्तू देऊन तिनाची घेतली. मी मनातून खूश. दहाएक खेळ्यांनी माझ्या राजापुढचं कुंपण पार मोडलं होतं. मी हात पुढे केला.

उठताना तो म्हणाला, "सर, आता येणार नाही. घरून सांगितलंय, परीक्षा होईपर्यंत खेळ बंद."

मी गप्प. कारण नोकरीत असताना कितीतरी पालकांना मीच सांगायचो, 'बारावी होईपर्यंत पट माळ्यावर टाका.' लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे. साध्या घरांतली मुलं त्यानं डॉक्टर-इंजिनिअर केली. पण आता वाटतं, माझं ते सांगणं चुकलं.

'नीट'मध्ये चार पर्याय छापलेले असतात. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. पटावर पर्याय कुणी छापून देत नाही. आणि पुढचं पाहून आजचं नुकसान जाणूनबुजून कधी पत्करायचं, हे तिथंच कळतं. उद्या डॉक्टर झाल्यावर पेशंटसमोर त्याला हेच तर करायचं आहे ना?

जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर. म्हणून प्रत्येक मूल दिव्या होईल असं मी म्हणत नाही. आठवड्याचा एक तास मागतो आहे, इतकंच.

माझं ऐकून ज्यांनी पट माळ्यावर टाकले, त्यांची मुलं आता चाळिशीत असतील. त्यांना काय सांगू? या पोराच्या वडिलांना मात्र फोन करावा म्हणतो. परक्यानं बोलावं का, एवढाच प्रश्न आहे. तुम्हाला काय वाटतं?