किलोवॅट मोजून झाले, आता युनिट मोजा

गच्चीवर सोलर बसवायचे म्हटले तर आज मदतीला माणसांची कमी नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ आणली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला घरामागे ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. बँका कर्ज देतात, एजन्सीची माणसे दारात येतात, अर्जही तीच भरतात. हे चांगलेच झाले. पण दोन उन्हाळे उलटल्यावर तोच संच किती वीज देतो आहे, हे विचारायला कोणी फिरकत नाही. किती घरांवर किती किलोवॅट बसले याचे आकडे जाहीर होतात. त्या किलोवॅटमधून किती युनिट निघाले, हा प्रश्न बहुतेक वेळा घरमालकालाही पडत नाही. सौरऊर्जेवर सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर हिशेब युनिटांचा मागितला पाहिजे आणि देखभालीची सगळी व्यवस्था त्या हिशेबावर उभी राहिली पाहिजे.

सोलरमधली तूट गुपचूप होते, ही यातली खरी अडचण आहे. आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज मिळायला हवी, म्हणजे तीन किलोवॅटच्या संचाकडून बारा. त्या बाराचे नऊ झाले तरी घरातला एकही दिवा विझत नाही. कमी पडलेली वीज तारेतून येते, आणि महिन्याचे बिल सोलर नसतानाच्या बिलापेक्षा तरीही कमीच दिसते. नेट मीटर फक्त बाहेरून आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजतो. दिवसा घरातच वापरली गेलेली त्याला दिसत नाही. एकूण किती वीज तयार झाली हे सांगतो इन्व्हर्टर, आणि तो बहुधा जिन्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत टांगलेला असतो. मोबाइलवर ॲप असते खरे, पण घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला की त्याचा इन्व्हर्टरशी संपर्क तुटतो, आणि तो पुन्हा जोडून घेणे महिनोन्‌महिने राहून जाते.

‘पाऊस पॅनल धुऊन काढतो, शिवाय त्यात फिरणारा एकही भाग नाही, मग देखभाल कसली?’ हा पहिला आक्षेप. आयआयटी गांधीनगर आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही आठवडे तसेच ठेवलेले पॅनल साफ केल्यावर त्यांची कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. गुजरातची कोरडी धूळ सगळीकडे नसते, पण आपल्याकडेही पाऊस जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने कोरडेच. त्यात ऊसपट्ट्यात पाचट पेटवले की काळी काजळी गच्च्यांवर उतरते आणि चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाची धूळ असते. बरे, पाऊस तरी सगळे धुतो का? थोड्याच उतारावर बसवलेले पॅनल पावसानंतर जवळून पाहावे. काच वरून लख्ख दिसते, पण खालच्या कडेला, जिथे ॲल्युमिनियमची चौकट पाणी अडवते तिथे, बोटभर रुंदीचा मातीचा पट्टा साचलेला असतो. नेमकी तिथेच सेलची शेवटची ओळ असते. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका ओळीवर सावली पडली की पॅनलचा मोठा हिस्सा दबतो, आणि झाकलेला सेल वीज देण्याऐवजी स्वतःच तापू लागतो. कबुतराच्या विष्ठेचा वाळलेला गोळा किंवा नंतर बसवलेल्या पाण्याच्या टाकीची तिरपी सावलीही हेच करते.

धूळ हा मात्र दुखण्याचा दिसणारा भाग. आयआयटी मुंबईतील सौरऊर्जा संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्राने आणि राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने २०१३ पासून देशभरातील पॅनलची पाहणी अनेकदा केली. उष्ण हवामानात पॅनलची झीज जास्त होते, आणि मोठ्या जमिनीवरील प्रकल्पांपेक्षा छपरावरच्या लहान संचांची अवस्था वाईट असते, असे त्यांत आढळले. हा दुसरा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. ऊन सारखेच असते. फरक बसवण्याच्या दर्जाचा आणि पुढच्या देखरेखीचा असतो. मोठ्या प्रकल्पात युनिट रोज मोजले जातात, घट दिसली की माणूस धावतो. घराच्या गच्चीवर पॅनल पत्र्याला चिकटवून बसवले जातात, खालून हवा खेळत नाही आणि विदर्भातल्या मे महिन्यात ते भाजून निघतात. सैल राहिलेला जोड तापत जातो, उंदीर केबल कुरतडतात, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, कोकणात खारी हवा नटबोल्ट खाते. बादली आणि फडके यातले काहीही दुरुस्त करत नाही. त्या केबलमधून शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह जात असल्याने ते घरमालकाचे कामही नाही. वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञानेच ते तपासायला हवे. चुकीची साफसफाई तर आणखी नुकसान करते. बोअरचे जड पाणी काचेवर क्षारांचा पांढरा थर सोडते, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते, आणि पॅनलवर पाय देऊन उभे राहिले की सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि पाण्याचा. तीन किलोवॅटच्या संचाची महिन्याची सुमारे ३६० युनिट वीज धरा. त्यात १५ टक्के तूट आली तर ५४ युनिट गेले. युनिटमागे आठ रुपये धरले तरी महिन्याला चारशेहून अधिक रुपये. सकाळी अर्धा तास मऊ मॉप फिरवायला इतके लागत नाहीत. मराठवाड्यात टँकरच्या गावात पॅनल धुवा असे सांगणे मलाही पटत नाही, पण तिथे पहाटेच्या दवावर मऊ ब्रश फिरवूनही पुष्कळ धूळ निघते.

‘पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते ना?’ असेही विचारले जाईल. असते. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतही पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. पण ही हमी तक्रारीवर चालते, आणि तूट कळल्याशिवाय तक्रार होत नाही. शिवाय पॅनलची कार्यक्षमतेची हमी साधारण २५ वर्षांची असते, तर इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो. गावोगावचे सौर पथदिवे आठवा: बॅटरी गेली, बदलायला तरतूद नव्हती, खांब उरले. म्हणून महावितरणने इन्व्हर्टरचा आकडा मागवून वीजबिलावर दोन ओळी छापाव्यात: या महिन्यात अपेक्षित युनिट किती आणि प्रत्यक्ष किती. विक्रेत्यांकडून घेतली जाणारी बँक हमी या आकड्यांशी जोडावी. घरमालकाचे अनुदान अडवू नये, त्यावर कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. सोसायट्या लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार न चुकता करतात. तसाच सोलरचाही करावा आणि इन्व्हर्टरसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. आयटीआयमधून तालुक्यापुरते तंत्रज्ञ तयार झाले, तर शेतकऱ्याला पंपासाठी शहरातल्या कॉल सेंटरची वाट पाहावी लागणार नाही. सूर्यघर योजनेत २०२४ मध्ये बसलेल्या संचांची पाच वर्षे २०२९ मध्ये संपू लागतील. त्यानंतर त्यांच्याकडे कोण पाहणार, हे सरकारने आणि महावितरणने आताच ठरवून जाहीर करावे.