एकेक घर

चातुर्मासात चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वीच भोजन उरकते आणि प्रतिक्रमणानंतर निद्रेपर्यंत थोडा वेळ मोकळा उरतो. अशा वेळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीलगत हार्डवेअरचे दुकान असलेले माझे एक स्नेही बुद्धिबळाचा पट घेऊन येतात. आम्ही दोघेही निव्वळ हौशी.

माझे पहिले प्यादे नेहमी दोन घरे धावते. त्यांचे एकच घर सरकते. ते वडिलांकडून जुना देशी खेळ शिकले. त्यात प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर मिळे. मी याला भित्रेपणा म्हणत असे. परवा नातू पटाकडे पाहून म्हणाला, "आजोबा, हा तर किंग्ज इंडियन डिफेन्स!" विदित गुजराथीच्या नाशिकमधली मुले ती, त्यांना ही नावे तोंडपाठ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टराशी अशाच सुरुवातीचे डाव खेळत. मध्य प्रतिपक्षाला मोकळा सोडायचा, घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून उंट कोपऱ्यावर रोखायचा आणि वाट पाहायची. 'भारतीय बचाव' हे नाव त्या डावांमुळेच रूढ झाले.

त्या संध्याकाळीही मध्यावर माझी तीन प्यादी उभी होती. मोह आवरला नाही. राजापुढचे प्यादे आणखी पुढे लोटले. प्याद्यांची मारामारी झाली, वजीरही पटावरून गेले, माझा राजा वजिराच्या घरात आला. त्यांच्या घोड्याने उडी घेऊन माझ्या पुढारलेल्या प्याद्यावर रोख धरला. मी त्याला शेजारच्या प्याद्याचा आधार दिला. पुढच्याच चालीत घोड्याने राजाला शह दिला, आणि त्याच घरातून हत्तीवरही मारा होता! एक प्यादे राखण्याच्या नादात हत्ती गेला.

नोकरीत असताना याच स्नेह्यांना मी कर्जमर्यादा वाढवून घेण्याचा आग्रह कितीदा केला असेल! ते दर वेळी हसून चहा मागवीत. आता त्यांच्या चिरंजीवांना मोठे गोदाम घ्यायचे आहे. दुकान तारण ठेवावे लागेल. पट आवरताना ते म्हणाले, "रविवारी कागद घेऊन येतो. साहेब म्हणून नको, मित्र म्हणून सांगा."

कागद माझ्या टेबलावर आहेत. दोनदा वाचले, अजून मत दिलेले नाही.