सरसकट बदल नको



मराठी विकिपीडियावर एका कळीसरशी सगळीकडचे 'उस्मानाबाद' काढून 'धाराशिव' घालणारी सोय हवी, ही एका पत्रलेखकाची सूचना वाचली. २०२३च्या नामांतरानंतर ही तळमळ रास्त आहे. उपाय मात्र घातक. ९३वे साहित्य संमेलन जानेवारी २०२०मध्ये इथे धाराशिवला भरले, तेव्हा शहराचे अधिकृत नाव उस्मानाबादच होते. शिवाय उस्मानाबादी शेळीचे आणि जुन्या ग्रंथांच्या शीर्षकांचे काय करायचे? जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या शीर्षकावर नेणारी पुनर्निर्देशनाची सोय विकिपीडियावर आहेच. नवे काही मागायचेच, तर सांगकाम्याने (बॉटने) 'उस्मानाबाद'च्या उल्लेखांची फक्त यादी काढावी. कुठला उल्लेख बदलायचा आणि कुठला ठेवायचा, हे स्वयंसेवकांनी संदर्भ वाचून ठरवावे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी तालुकेवार हे काम वाटून घ्यावे.

– एक वाचक, धाराशिव