चाव्या परत दिल्यावर

गेल्या जुलैत, कपाशीला खताचा पहिला हप्ता द्यायच्या दिवसांत, आमच्या कृषी सेवा केंद्रात एक सत्तरीच्या बाई युरियाची दोन पोती न्यायला आल्या. अनुदानाचं खत, म्हणून पॉस मशीनवर अंगठा लागतो. त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. जन्मभर खुरपं धरलेला हात, रेषाच उरल्या नव्हत्या. मी फडक्यानं बोट पुसलं, ऊब यावी म्हणून तो हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरला आणि पुन्हा मशीनवर टेकवला. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "अगं बाई, पाळकसाहेब! तुम्ही हितं काय करता?"

"इथंच असतो आता, मावशी," मी म्हणालो. त्यांच्या मालकांच्या मातीला मी उभा होतो, त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा माझ्या हातून झाला होता. पोती टेम्पोत चढेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "काही चुकलं का हो तुमच्याकडून?"

हा प्रश्न मला सात वर्षं विचारला जातो आहे. विचारणारे बहुतेक मायेनंच विचारतात. पण पाळकानं सेवा सोडली म्हणजे काहीतरी चुकलंच असणार, हे आमच्या समाजानं धरून ठेवलं आहे, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे.

ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. प्रोटेस्टंट मंडळीच्या धर्मगुरूला आम्ही पाळक म्हणतो. तो संसारी असतो. देवळाशेजारच्या घरात राहतो. ते घर मंडळीचं असतं. बारशापासून मातीपर्यंत सगळीकडे तो लागतो. त्याच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. तिला पगार नसतो, पण महिला मंडळ, रविवारची शाळा आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाचा चहा तिच्याकडे असतो. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून अशा मंडळ्या गावोगावी आहेत. मी नेवासा आणि राहुरी या भागांत एकोणीस वर्षं पाळक होतो. एक मोठं गाव आणि भोवतालची सहा लहान गावं माझ्याकडे असायची. रविवारी पहाटे मोटारसायकलला किक मारली की दुपारी दोनपर्यंत तीन ठिकाणी उपासना व्हायच्या. मला ते काम मनापासून आवडत होतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणाला तसं वाटणार नाही.

सेवा सोडणाऱ्याबद्दल लोक तीन तर्क करतात: पैसा, बाई, नाहीतर विश्वास उडाला. माझ्या बाबतीत तिन्ही खरे नाहीत. खरं कारण सांगायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. शेवटच्या तीन वर्षांत मी उपदेशांपेक्षा प्रतिज्ञापत्रं जास्त लिहिली. मिशनच्या काळातल्या जमिनींवरून आमच्याकडे खटले चालतात, मंडळीत दोन पक्ष पडतात, आणि दोन्ही पक्षांना पाळकाची सही लागते. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात ज्यांच्याविरुद्ध उभं राहायचं, त्यांच्याच आजारी आईसाठी संध्याकाळी प्रार्थना करायची. मी दोन्ही केलं. त्याच काळात चोवीस वर्षांचा एक मुलगा मोटारसायकल घसरून गेला. कब्रस्तानात मी उपासनेचं पुस्तक उघडलं, ओठ सवयीनं चालले, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की त्या शब्दांच्या मागे मी नाही. त्याची आई समोर उभी होती. तिला फरक कळला नसेल. मला कळला. मी वरिष्ठांकडे सहा महिन्यांची रजा मागितली. अशी रजा कोणत्याच नियमात बसत नव्हती. मग मी राजीनामा दिला. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो.

दीक्षेच्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. बिशप आणि ज्येष्ठ पाळक माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे होते, आई पहिल्या बाकावर रडत होती, नंतर मांडवात जेवण होतं. सोडायच्या दिवशी मंडळीचे खजिनदार आणि सचिव आले. देवळाची चावी, घराच्या चाव्या, बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंदवही, प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला अशी यादी होती. प्रत्येक वस्तूपुढे टिकमार्क झाला आणि मी खाली सही केली. यादीत नसतानाही झगा मी धुऊन, इस्त्री करून दिला. तो कुणाला द्यायचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. दोघेही चांगली माणसं, सचिवांचे तर डोळे भरले होते. पण त्या घडीला काय म्हणायचं, याचे शब्द आमच्या कोणत्याच पुस्तकात नाहीत. जन्माची, लग्नाची, मरणाची उपासना आहे. नवं घर बांधलं तर त्याचीही आहे. सेवा सोडून जाणाऱ्यासाठी एक ओळ नाही.

घर एका महिन्यात रिकामं करायचं होतं. एकोणीस वर्षं नोकरी करून आमच्या नावावर एक खोली नव्हती. रेशन कार्ड, आधार, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळीकडे पत्ता एकच होता: देवळाजवळ. भाड्याची खोली बघायला गेलो की घरमालक विचारायचे, "काय करता?" मी थोडा थांबायचो, आणि त्या थांबण्यामुळेच दोन खोल्या हातच्या गेल्या.

नोकरीची गोष्ट तीच. माझी पदवी बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, सेरामपूरच्या सिनेटची. ज्या सेरामपूरला विल्यम केरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तिथली. बी.ए. नंतर आणखी काही वर्षं ग्रीक, हिब्रू, चर्चचा इतिहास, समुपदेशन शिकलो. एका पतसंस्थेतल्या मुलाखतीत तिघांनी ते प्रमाणपत्र हातातून हातात फिरवलं आणि परत दिलं. हिशेब ठेवता येतो का, असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की सात गावांच्या वर्गणीचा पै न् पैचा हिशेब मी ठेवला आहे. त्यांनी विचारलं नाही. शेवटी खताच्या दुकानाच्या मालकांनी ठेवून घेतलं. ते मराठा शेतकरी कुटुंबातले. त्यांचे वडील दवाखान्यात असताना मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला जायचो आणि त्यांच्याशीही बोलायचो, एवढीच आमची ओळख. आज दुकानाचा स्टॉक, उधारी, मशीनवरची नोंद सगळं मी बघतो. पंचेचाळीस किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना विकतो. हा व्यवहार स्वच्छ आहे आणि संध्याकाळी तो बंद होतो. एकोणीस वर्षांत माझा कुठलाच दिवस संध्याकाळी बंद झाला नव्हता.

दुकानात दुसराच प्रश्न येतो. गिऱ्हाइकांपैकी काही जण गंभीरपणे, आपुलकीनं विचारतात, "मग आता परत आलात ना?" म्हणजे ख्रिस्ती धर्म सोडलात ना? मी त्यांना सांगतो की मी पाळकाचं पद सोडलं, प्रभू येशूला सोडलं नाही. मंडळीतले उलट्या बाजूनं विचारतात, "अजून बायबल वाचता का?" वाचतो, आणि आता जास्त वाचतो, कारण रविवारचा उपदेश काढायचा नसतो. पद गेलं की माणूस पण गेला, अशी समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

बायबलमध्ये मात्र तशी समजूत नाही. गणना या पुस्तकाचा आठवा अध्याय मी पाळक असताना कितीदा तरी वाचला होता, पण त्याच्या शेवटच्या ओळी डोळ्यांखालून नुसत्याच गेल्या होत्या. देवाच्या तंबूची सेवा करणाऱ्या लेव्यांसाठी तिथे वय ठरवून दिलं आहे. पंचविसाव्या वर्षी कामाला लागायचं, पन्नासाव्या वर्षी थांबायचं. थांबल्यावर हाकलून द्यायचं नाही. त्यानं आपल्या भाऊबंदांना मदत करत तिथेच राहायचं, फक्त ओझं उचलायचं नाही. इतक्या जुन्या काळी कुणीतरी हा विचार करून ठेवला होता. कॅथलिक चर्चचं शास्त्र माझ्या मंडळीपेक्षा वेगळं, तरी त्यांच्या १९८३ च्या धर्मविधी संहितेतही एक गोष्ट आहे: पुरोहितपदातून मुक्त झालेला माणूसही मरणाच्या दारातल्या माणसाची पापकबुली ऐकून त्याला क्षमा देऊ शकतो. पुरोहितपण नोंदवहीसारखं पूर्णपणे परत घेता येत नाही, हे त्यांनी मान्य केलं आहे.

आणि आमच्या मराठी मातीतलं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनच्या सेवेत कितीतरी वर्षं घालवली, त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्या दरबारात बसू शकत होते. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आम्ही दर रविवारी टिळकांची भजनं गातो. पगारी सेवा सोडणारा माणूस म्हणून मात्र त्यांची आठवण कुणी काढत नाही. त्या घरातला पगार थांबला तेव्हा चूल कशी चालली असेल, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. आता भजन सुरू झालं की तोच विचार आधी येतो.

माझ्या बायकोबद्दल लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. माझ्या राजीनाम्यावर तिची सही नव्हती, पण तिचंही सगळं गेलं. "पाळकीणबाई" ही हाक बंद झाली आणि तिला नावानं हाक मारायची गावाला सवयच नव्हती. पहिल्या नाताळला ती देवळात गेली तेव्हा केक कापायला कुणीतरी दुसरीच उभी होती, आणि ते बरोबरच होतं. घरी येऊन तिनं करंज्यांचा डबा उघडला, बंद केला, आणि म्हणाली, "इतक्या कुणासाठी केल्या मी?" मी त्या वर्षी सगळं माझंच दुःख समजत होतो. मला फार उशिरा कळलं.

माझं म्हणणं आमच्या मंडळ्यांच्या समित्यांना उद्देशून आहे, आणि ते साधं आहे. पाळकाला भविष्य निर्वाह निधी द्या आणि त्याचा हप्ता दर महिन्याला वेळेवर भरा. पाळक देवाचा आहे म्हणून त्याच्या म्हातारपणाची सोय देवावर टाकू नका. घर सोडायला एका महिन्याऐवजी एक शालेय वर्ष द्या, म्हणजे मुलांची शाळा मधेच तुटणार नाही. थकलेल्याला रजा द्या. ती मला मिळाली असती तर कदाचित मी आजही झगा घालून उभा असतो. आणि सेवा सोडणाऱ्यासाठी एक उपासना लिहा. कारण विचारू नका. एवढं म्हणा की याच्या हातून आमच्या लेकरांचे बाप्तिस्मे झाले, याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो, आणि आजपासून हा आमच्यातला एक म्हणून बाकावर बसेल. ज्यांनी डोक्यावर हात ठेवले त्यांनी निरोपालाही ठेवावेत.

मी बाप्तिस्मा दिलेली एक मुलगी मागच्या वर्षी पेढे घेऊन दुकानात आली. लग्न ठरलं होतं, आणि तिला लग्न माझ्याच हातून हवं होतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली तो अधिकार आता माझ्याकडे नाही, हे तिला समजावून सांगताना माझा आवाज बसला. लग्नात मी चौथ्या बाकावर होतो. नवे पाळक वयानं लहान आहेत. उपासना संपत आली तेव्हा ते वेदीपासून खाली आले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "शेवटची प्रार्थना तुम्ही करा, बाबा." त्यांनी कुणाची परवानगी घेतली होती, मला ठाऊक नाही. मी उभा राहिलो. शब्द मिळाले, आणि त्यांच्या मागे मी होतो.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका तरुण पाळकाचा फोन आला. दूरच्या तालुक्यातला. आधी पिकांचं, पावसाचं बोलला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, सोडायचं ठरवलं तर पहिलं काय करायचं?" मी त्याला कुठलंही वचन सांगितलं नाही. आधी सहा महिने थांब, आणि तरी तसंच वाटलं तर बँकेत स्वतःच्या नावानं खातं काढ, आधारवरचा पत्ता आईच्या घराचा करून घे, मुलांचे दाखले वेळेत मिळव, असं सांगितलं. तो लिहून घेत होता. कागदाचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "बाई जाग्या आहेत का? हिला बोलायचंय." मी फोन आत नेऊन दिला. दोघींचं बोलणं बारा वाजून गेले तरी चालू होतं.