वस्तू अनोळखी होते ती कुणाला?

वलय शेंडे या नागपूरच्या शिल्पकाराने ‘ट्रान्झिट’मध्ये पोलादी चकत्या जोडून मजुरांनी भरलेला पूर्णाकृती ट्रक घडवला आहे. अशा शिल्पापुढे आपली समीक्षा ‘अपरिचितीकरण’ एवढे म्हणून मोकळी होते. पण वस्तू अपरिचित होते ती कुणाला? उमरखेडहून हौद्यात उभ्याने कामाला जाणाऱ्याला ट्रकची ओळख शिल्पाने करून द्यावी लागत नाही. बोथट झाली आहे ती रस्त्याकडेने पाहणाऱ्यांची, म्हणजे आपली, नजर. श्क्लोव्हस्कीने १९१७ साली ही संकल्पना मांडताना टॉलस्टॉयचा फटक्यांच्या शिक्षेविरुद्धचा लेख उदाहरणादाखल घेतला होता, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. तो नैतिक आघात गाळून केवळ रूपाचे कौतुक वर्गात शिकवणे, ही समीक्षेची पळवाट आहे.