पावती आणि परवाना

गिरगावातील एका भगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. त्यांचे धाकटे भावजी अमेरिकेत असतात. नोकरीवर म्हणून गेले, नोकरी सुटली, राहण्याची मुदत टळली, आणि आज चार वर्षे ते तेथेच आहेत. कोणाची चाकरी करता येत नाही म्हणून लहान दुकानदारांचे हिशेब लिहिण्याची सुटी कामे ते स्वतंत्रपणे घेतात. आणि पत्राचे कारण हेच की, दरसाल नेमाने कर भरतात. "मामंजींचे म्हणणे, चोराने आपण होऊन चौकीत हजेरी द्यावी तसला हा प्रकार आहे. सासूबाई म्हणतात, ज्याने कर भरला त्यास सरकार हात कसा लावील? दोघांत खरे कोणाचे?" पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: "पुढील वर्षी मामंजींचे सहस्रचंद्रदर्शन आहे. भावजींनी निदान आठ दिवस यावे, असे सर्वांच्या मनात आहे."

दोघांचेही अर्धे अर्धे खरे आहे, असे आमचे मत. ते का, हे सांगण्यासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी वाचकांस आम्ही दादर स्टेशनाबाहेर नेतो. कारण पैसा घ्यावा पण मान्यता देऊ नये, ही रीत काही त्या देशाने एकट्याने शोधून काढलेली नाही.

रानडे रस्त्यावर एक आजीबाई मेथी, अळू आणि श्रावणात पत्री घेऊन बसत. आमच्या घरी त्यांचा राबता तीस वर्षांचा. मुंबईत फेरीवाल्यांस नवे परवाने देणे 1978 च्या सुमारास जवळजवळ थांबले. शहर मात्र थांबले नाही. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या बसत गेल्या, आणि ज्या घरांतून पूर्वी भोंग्याबरोबर माणूस कामावर निघे, त्यांतील कित्येक घरांतून टोपली निघू लागली. परवाना नाही, पण पुढे बरीच वर्षे पालिकेचा माणूस रोज येई, काही रुपये घेई आणि पावती फाडून देई. ती परवान्याची फी नव्हती. अनधिकृतपणे व्यापलेली जागा आणि उचलावा लागणारा केर, ह्यांबद्दलचा तो आकार होता. म्हणजे ज्या कागदाने पैसा घेतला, त्याच कागदाने "येथे बसण्याचा तुम्हांस अधिकार नाही" असेही बजावले! आजीबाईंस अक्षरओळख बेताची. शिक्का उमटला म्हणजे आपण सरकारदरबारी नोंदलो, अशी त्यांची समजूत; आणि ती अगदीच खोटी, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

पुढे ही पद्धत बंद पडली. 2014 मध्ये फेरीवाल्यांचा कायदा आला, सर्वेक्षण झाले, सुमारे 99 हजार अर्ज दाखल झाले. धंदा जुना कशावरून, असा प्रश्न निघताच पावत्यांच्या जुड्या ट्रंकांतून बाहेर आल्या. परंतु महाराष्ट्रातील 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही हवा होता, आणि पात्र ठरलेल्यांचा पहिला आकडा 15 हजारांच्या आसपास राहिला. 2024 च्या समितीनिवडणुकीच्या यादीत तो 32 हजारांवर गेला. पावती नसती तर ह्या लोकांस बोलावयास तोंड नव्हते. पावती होती म्हणून परवाना मिळालाच, असेही झाले नाही.

प्राप्तिकराचेही तसेच. सोने चोरून आणण्यासाठी सुमारे 65 हजार रुपये घेऊन सरहद्द ओलांडताना पकडल्या गेलेल्या एका इसमाच्या प्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती जप्त रक्कम धंद्यातील तोटा म्हणून वजा करू दिली. कर बसला म्हणून चोरटा व्यापार काही साव ठरला नाही.

आता भावजींकडे वळू. ते नोकरीवर गेले असल्यामुळे त्यांस स्वतःचा क्रमांक आहे. ज्यांस तोही मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी तेथील करखात्याने 1996 पासून नऊ आकड्यांचा निराळा क्रमांक ठेवला आहे. खाते कर मागते, राहण्याचा कागद मागत नाही. शिवाय चाकरीत सामाजिक सुरक्षेचा भार धनी आणि नोकर निम्मा निम्मा वाहतात. स्वतंत्र कामकऱ्यास दोन्ही वाटे, म्हणजे शेकडा 15.3, एकट्याने उचलावे लागतात. वॉशिंग्टन येथील एका करविषयक संस्थेच्या हिशेबाप्रमाणे कागद नसलेल्या लोकांनी 2022 साली एकंदर 9,670 कोटी डॉलर कर भरला. त्यांतील बहुतेकांस त्या पेन्शनचा एक डॉलरही दिसावयाचा नाही. सुट्या कामात गिऱ्हाइकास कागद तपासावे लागत नाहीत, म्हणून ही वाट चालते. तथापि न तपासणे म्हणजे परवानगी देणे नव्हे.

सासूबाईंचा अर्धा भाग असा की, उद्या प्रकरण न्यायाधीशापुढे गेलेच तर नेमाने भरलेला कर सचोटीचा पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो, आणि न भरणे हा निराळा गुन्हा होतो. मामंजींचा अर्धा भाग असा की, करखात्याची माहिती गुप्त राहते हा जुना भरवसा ढळला आहे. 7 एप्रिल 2025 रोजी हद्दपारीचा अंतिम हुकूम झालेले व इतर काही लोक ह्यांचे पत्ते परस्परांस देण्याचा करार तेथील दोन खात्यांनी केला, आणि त्यावरून न्यायालयांत झगडे झाले. तरीही भावजींनी भरणा चालू ठेवावा, असेच आम्ही म्हणू. मात्र दुसऱ्याचा क्रमांक कधीही वापरू नये आणि कोणत्याही कागदावर आपण तेथील नागरिक असल्याचे लिहू नये.

राहिली ती बारीक अक्षरांतील ओळ. 1996 च्या तेथील कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक काळ मुदतीबाहेर राहिलेला मनुष्य एकदा देशाबाहेर पडला की त्यास दहा वर्षे परत प्रवेश नाही. भरलेल्या करामुळे त्यांतील एक दिवसही कमी होत नाही. म्हणून ह्या भगिनींस आमची विनंती आहे की, "आठ दिवस येऊन जा" असा आग्रह घरातील कोणी फोनवर धरू नये. तिकीट काढण्यापूर्वी भावजींनी ह्याच विषयाच्या वकिलास भेटावे, आणि यावयाचे की राहावयाचे हे सारे समजून त्यांनीच ठरवावे. मामंजींसही हे आधीच सांगून ठेवावे. ते कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

आजीबाई आता बसत नाहीत. जागा सून चालविते. पावत्यांची जुडी मात्र त्यांनी आमच्याकडे आणून दिली आहे. चाळीतल्या खोलीत पावसाळ्यात ओल येते, म्हणून. आमच्या कपाटात ती घरपट्टीच्या पावत्यांशेजारी ठेवली आहे.